परक्या देशाचं दुःस्वप्न कसं वाचावं

डिस्टोपियन कादंबरी म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना आधी '१९८४' लिहिणारा ऑर्वेल आठवतो. सगळीकडे डोळे असलेली सत्ता, दबलेली माणसं आणि त्यांच्यातला एक जण, जो मनातल्या मनात का होईना 'नाही' म्हणतो. इंग्रजीत लिहिलेल्या अशा दोनतीन कादंबऱ्या वाचून झाल्या की कुणीतरी एखादं जपानी किंवा अरबी पुस्तक सुचवतं. आपण ते हौसेनं आणतो, साठसत्तर पानं वाचतो आणि अडखळतो. ही माणसं चिडत का नाहीत? पळून का जात नाहीत? हा नियम कुणी केला, हे लेखक सांगत का नाही? पुस्तक कपाटात जातं आणि 'अनुवाद नीट नसेल' असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

अनुवाद बहुतेक वेळा नीटच असतो. अडचण दुसरीकडे असते. समाजातली एखादी वाईट खोड लेखक ताणत ताणत नेतो आणि तिच्यावर एक अख्खा कल्पित समाज उभा करतो, तो डिस्टोपिया. ऑर्वेल वाचताना त्यातलं ताणलेलं कुठलं आणि मुळातलं कुठलं, हे आपल्याला साधारण उमगतं. ते महायुद्ध, तो स्टालिन शाळेच्या पुस्तकातून ओळखीचा झालेला असतो. कैरो, तिराना किंवा ब्वेनोस आयरेसची अशी ओळख नसते. त्यामुळे या वाचनातलं सगळं कसब एकाच गोष्टीत आहे: लेखकानं रचलेलं किती आणि त्याच्या गावात आधीच रोजचं होऊन बसलेलं किती, यांमधली रेघ शोधणं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. या पुस्तकांसाठी आपल्यातल्या बहुतेकांना इंग्रजी अनुवादांवरच विसंबावं लागतं, म्हणून इथं तेच गृहीत धरले आहेत.

पहिलं पुस्तक: सगळ्यात जुनं नको, सगळ्यात गाजलेलंही नको

'मुळापासून सुरुवात करू' म्हणून अनेक जण येवगेनी झाम्यातिनची 'वुई' आधी घेतात. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही रशियन कादंबरी ऑर्वेलच्याही आधीची. पण तिची वाक्यं तुटक, मध्येच सोडून दिलेली आणि उपमा थेट गणितातल्या आहेत. पहिल्याच पुस्तकाला एवढी झटापट नको. ती तिसरी घ्या.

दुसरा मोह आगुस्तीना बास्तेरिकाच्या 'टेंडर इज द फ्लेश'चा. समाजमाध्यमांवर ते फार गाजलं. अर्जेंटिनात २०१७ साली क्लारिन पुरस्कार मिळालेली ही कादंबरी सारा मोझेस यांनी इंग्रजीत आणली. एका विषाणूमुळे प्राण्यांचं मांस विषारी झालं असं जाहीर होतं आणि मग माणसांची पैदास करून त्यांचं मांस कायद्यानं विकलं जाऊ लागतं. लेखिका आपल्याला त्या कत्तलखान्यातून दालनामागून दालन फिरवते. पुस्तक ताकदीचं आहे, यात वाद नाही. पण पहिलंच म्हणून वाचलं तर डिस्टोपिया म्हणजे किळस, असा समज पक्का होतो आणि पुढची शांत पुस्तकं मिळमिळीत वाटू लागतात. शिवाय त्याची खरी धार रक्तात नाही, भाषेत आहे. तिथं 'माणूस' म्हणायला बंदी, 'उत्पादन' म्हणायचं. अर्जेंटिनात सुट्टीच्या दिवशी आप्तमित्रांनी जमून निखाऱ्यावर मांस भाजणं हा जवळजवळ कुळाचार आहे, आणि त्याच देशात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत हजारो माणसं 'बेपत्ता' झाली, म्हणजे राजवटीनं ती उचलून नेली आणि नेल्याचं कधी कबूल केलं नाही. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून वाचणाऱ्याला ती साफसूफ केलेली भाषा जास्त बोचते. कोवळ्या मनाच्या वाचकानं हे पुस्तक नाही वाचलं तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही.

मग सुरुवात कशानं करावी? माझं मत योको ओगावाच्या 'द मेमरी पोलिस'ला. एक निनावी बेट. तिथून एकेक वस्तू नाहीशी होत जाते: रिबीन, घंटा, अत्तर, पुढे पक्षी, गुलाब, छायाचित्रं. नाहीशी होते म्हणजे लोकांच्या मनातून तिचा अर्थच निघून जातो, आणि मग उरलेल्या वस्तू लोक स्वतःच जाळतात किंवा नदीत सोडतात. ज्यांच्या आठवणी जात नाहीत त्यांना पोलीस घेऊन जातात. कथा सांगणारी बाई कादंबरीकार आहे आणि तिच्या संपादकाची स्मरणशक्ती शाबूत आहे, म्हणून ती त्याला आपल्या घरात दडवून ठेवते. भाषा इतकी साधी की इंग्रजीचा सराव बेताचा असलेल्यालाही अडचण येऊ नये. आरडाओरडा नाही, पाठलाग नाही. आणि तरीही पुस्तक मिटल्यावर घरातल्या वस्तूंकडे बघण्याची नजर जरा बदलते.

कॉपीराइटचं पान आधी वाचा

शीर्षकाच्या पानामागे बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते सहसा कुणी वाचत नाही. अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत मात्र ते आधी वाचावं. मूळ पुस्तक कधी आलं, अनुवाद कधी झाला, कुठल्या भाषेतून झाला, मूळ नाव काय होतं, हे सगळं त्या एका पानावर असतं.

ओगावाचंच घ्या. स्टीफन स्नायडर यांचा अनुवाद २०१९ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी इंटरनॅशनल बुकर या अनुवादांसाठीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला. खोट्या बातम्या आणि पुसली जाणारी सत्यं यांवर तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं, त्यामुळे पुस्तक त्याच चौकटीत बसवून वाचलं गेलं. पण जपानी कादंबरी १९९४ ची आहे, म्हणजे पंचवीस वर्षं आधीची. ओगावा लहानपणी वाचलेल्या, नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकच्या डायरीचं ऋण मोकळेपणानं सांगतात. हे कळलं की घरातली ती छोटी गुप्त खोली, तिथं चोरून पोचवलेलं जेवण, दारावर पडणारी थाप, सगळ्याचा रोख समजतो. मूळ जपानी नावात पोलीस नाहीतच. तिथं एका मूक स्फटिकाचा उल्लेख आहे. इंग्रजी नावानं पोलिसांना मुखपृष्ठावर आणून बसवलं, मग आपण पहिल्या पानापासून त्यांची वाट बघतो आणि ते फारसे येत नाहीत म्हणून हिरमुसतो.

याच पानाचा एक रोकडा उपयोगही आहे. योको तावादा यांची एक कादंबरी मार्गारेट मित्सुतानी यांनी इंग्रजीत आणली. ती अमेरिकेत 'द एमिसरी' नावानं छापली गेली आणि ब्रिटनमध्ये 'द लास्ट चिल्ड्रेन ऑफ टोकियो' नावानं. ऑनलाइन मागवताना दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्हींचे पैसे भरू नका.

कधीकधी त्या पानावर लिहिलेलं असतं की अनुवाद मूळ भाषेतून झालेलाच नाही. अल्बेनियाच्या इस्माईल कादारेंची 'द पॅलेस ऑफ ड्रीम्स' इंग्रजीत आली ती बार्बरा ब्रे यांच्या हातून, आणि फ्रेंचवरून. फ्रेंच अनुवाद युसुफ व्रिओनी यांचा. अनुवादाचा अनुवाद म्हटल्यावर नाक मुरडायची आपली सवय आहे. पण व्रिओनी हे अल्बेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा याच्या राजवटीत कित्येक वर्षं तुरुंगात काढलेले गृहस्थ, आणि सुरुवातीला त्यांच्या अनुवादांवर त्यांचं नावसुद्धा छापलं जात नसे. कादारे बाहेरच्या जगाला कळले ते मुख्यतः या माणसामुळे. असा अनुवाद दुय्यम समजून बाजूला ठेवण्यात आपलंच नुकसान आहे.

आणि 'वुई'च्या तारखा तर स्वतंत्र कथाच आहेत. रशियन लेखकाचं रशियन पुस्तक, पण आधी छापलं गेलं इंग्रजीत, १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये. संपूर्ण रशियन पाठ आला १९५२ मध्ये, तोही न्यूयॉर्कमध्येच. लेखकाच्या स्वतःच्या देशात ते छापायला १९८८ उजाडलं. झाम्यातिन १९३७ मध्येच पॅरिसला वारले होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात मराठी घरांतून मॉस्कोत छापलेली स्वस्त, चित्रांची मराठी पुस्तकं असायची. आपल्यातल्या कितीतरी जणांचा रशिया त्या पुस्तकांतून आला. त्या गठ्ठ्यात 'वुई' असणं शक्यच नव्हतं.

प्रस्तावना शेवटी

अभिजात म्हणून नव्यानं छापलेल्या पुस्तकांना मोठमोठ्या लेखकांच्या प्रस्तावना असतात आणि त्या शेवट खुशाल सांगून टाकतात. अनुवादकाचं टिपण असेल तर तेही नंतरच वाचा. मलपृष्ठावर 'काफ्काची आठवण करून देणारं' असं असेल तर ते विसरून जा. कचेरी आणि कागद असलेल्या प्रत्येक परदेशी पुस्तकावर हा शिक्का बसतो.

नावांशी भांडू नका

रशियन नावांना लोक उगीच घाबरतात. मधलं नाव वडिलांचं असतं, ही गोष्ट मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. अरबी कादंबरीत 'उम्म मब्रूक' असं काही दिसलं तर 'मब्रूकची आई' समजा. आपल्या चाळीत, वाड्यात बायका अशाच ओळखल्या जात. ओगावाच्या बेटावर कुणालाच धड नाव नाही, संपादक फक्त 'आर' आहे. झाम्यातिनकडे नावांऐवजी क्रमांकच आहेत: पुरुषांना व्यंजन आणि विषम संख्या, बायकांना स्वर आणि सम संख्या. कागदावर चारपाच पात्रं लिहून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून तो कागद लागणार नाही.

पेन्सिल हातात घ्या

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. वाचताना आपल्याला जे विचित्र वाटतं त्याखाली रेघ मारण्याची ऊर्मी येते. ती आवरा. त्याऐवजी पुस्तकातल्या माणसांना जे विचित्र वाटत नाही, तिथं रेघ मारा.

बस्मा अब्देल अझीझ यांची 'द क्यू' घेऊन हे करून बघू, कारण या सवयीसाठी याहून चांगलं पुस्तक नाही. लेखिका इजिप्तच्या, पेशानं मानसोपचारतज्ज्ञ, छळ सोसलेल्या माणसांवर उपचार करणाऱ्या. कैरोत एकदा त्यांना बंद सरकारी इमारतीसमोर मोठी रांग दिसली. काही तासांनी परत तिथूनच जाताना पाहिलं तर इमारत तशीच बंद आणि तीच माणसं तशीच उभी. तिथून कादंबरी सुरू झाली. अरबीत ती २०१३ मध्ये आली, एलिझाबेथ जॅकेट यांचा इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये.

शहराला नाव नाही. एक फसलेला उठाव होऊन गेलाय आणि त्यानंतर 'गेट' नावाची सत्ता आली आहे. कुठल्याही कामाला, अगदी दवाखान्यातल्या उपचारालाही, तिची परवानगी लागते. दार मात्र उघडत नाही. याह्या नावाच्या माणसाच्या पोटात सरकारी गोळी आहे. ती काढायला परवाना हवा, कारण शरीरातली गोळी म्हणजे पुरावा. तारेक नावाचा डॉक्टर शस्त्रक्रिया करू शकतो, पण नियम मोडायला धजत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला याह्याच्या वैद्यकीय फायलीतला कागद येतो, आणि त्या कोरड्या कागदांत कुणीतरी सतत काहीतरी भरत असतं. ते कागद भरभर उलटू नका. सगळं पुस्तक त्यांच्यावर उभं आहे.

आता पेन्सिल. दार उघडत नाही याचं रांगेतल्या लोकांना आश्चर्य वाटत नाही, तिथं रेघ. उम्म मब्रूक रांगेतच चहा विकू लागते, तिथं रेघ. लोक रांगेतली आपली जागा राखून ठेवायची व्यवस्था बसवतात, रांगेतच ओळखी होतात, भांडणं होतात, धर्मोपदेश सुरू होतात. एक फोन कंपनी फुकट मोबाइल वाटते आणि बोलणं ऐकते, तरी लोक फोन परत करायला कचरतात. गोळीबार झालाच नाही असं अधिकृतपणे सांगितलं जातं, आणि ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला तेही हळूहळू गोंधळू लागतात. वीसेक रेघा झाल्या की लक्षात येतं, या कादंबरीतली भीती दारात नाही. लोकांनी दारासमोर संसार थाटला, तिथं ती आहे.

इथं मराठी वाचक लंडनच्या समीक्षकापेक्षा दोन पावलं पुढे असतो, असं मला वाटतं. रेशनच्या रांगेत, रॉकेलच्या रांगेत दगड, पिशवी, डबा ठेवून नंबर लावलेली पिढी अजून आहे. 'साहेब आज नाहीत, उद्या या' हे वाक्य आपल्याला रूपक म्हणून समजून घ्यावं लागत नाही. पण याच ओळखीत एक खड्डा आहे. 'अरे, हे तर आपल्याकडचंच!' असं म्हणून आपण पुस्तक फार लवकर खिशात टाकतो. तहसील कचेरीतला हेलपाटा वेगळा, आणि गोळी लागलेल्या माणसाला 'गोळी नव्हतीच' असं लिहून द्यायला लावणं वेगळं. ओळख पटली की थांबून विचारावं, हे आपल्यासारखं कुठपर्यंत आहे आणि कुठून पुढे नाही.

इतिहास किती वाचायचा?

पुस्तकागणिक वेगळा. 'द क्यू'साठी एक संध्याकाळ पुरे. २५ जानेवारी २०११ ला इजिप्तमध्ये सुरू झालेली निदर्शनं, ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांचा राजीनामा, त्यानंतर लष्कराच्या हाती गेलेली सत्ता, रस्त्यावरचे गोळीबार आणि तडीस न गेलेल्या चौकशा. एवढं ठाऊक असलं की कादंबरीतली निम्मी 'कल्पना' वर्तमानपत्रातून आल्याचं दिसतं. ही उजळणी पहिली पन्नास पानं वाचून झाल्यावर करा, आधी नको. आधी केली तर प्रत्येक पात्राच्या जागी खरा माणूस शोधण्याचा खेळ सुरू होतो आणि कादंबरी हातून सुटते.

'द मेमरी पोलिस'साठी काहीच वाचू नका. ओगावानं बेटाला नाव दिलं नाही, राजवटीला चेहरा दिला नाही, कारण दिलं नाही. तिथं 'हा अमुक देश असणार' असा शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

'द पॅलेस ऑफ ड्रीम्स'ची गोष्ट आणखी वेगळी. कथा घडते ऑटोमन साम्राज्यात. तिथल्या एका खात्यात सगळ्या प्रजेची स्वप्नं गोळा होतात, त्यांची वर्गवारी होते, अर्थ लावले जातात, आणि साम्राज्याला धोका सांगणारं एखादं स्वप्न निघतं का ते पाहिलं जातं. मार्क-आलेम नावाचा तरुण तिथं नोकरीला लागतो. डिस्टोपिया भविष्यातच असतो या समजुतीला हे पुस्तक छेद देतं. पोलिसी राजवटीत राहणाऱ्या लेखकाला भविष्यापेक्षा भूतकाळ सोयीचा असतो: 'मी तर सुलतानाच्या काळाबद्दल लिहिलंय' असं म्हणायची वाट उरते. १९८१ साली अल्बेनियात हे आलं तेव्हा सत्ताधाऱ्यांना मुखवट्यामागचा चेहरा ओळखू आला आणि पुस्तकावर बंदी आली. 'घाशीराम कोतवाल' नाना फडणवीसांच्या पुण्यात घडतं आणि १९७२ च्या प्रेक्षकांशी बोलतं, हे माहीत असलेल्यांना कादारेंची ही चाल नवी नाही. या पुस्तकासाठी एन्वर होजाच्या अल्बेनियाबद्दल दोन पानं वाचलीत तरी भागेल.

आता 'वुई'

दोन पुस्तकं झाली की झाम्यातिन घ्या. इंग्रजीत त्याचे बरेच अनुवाद आहेत: मिरा गिन्सबर्ग, क्लॅरेन्स ब्राउन, नताशा रँडल, बेला शायेविच. दुकानात किंवा ई-पुस्तकाच्या नमुन्यात पहिली दोन पानं वाचून ज्याचा ठेका जमेल तो घ्या. 'सर्वोत्तम' अनुवादाच्या वादात शिरू नका.

घरं काचेची, सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसतं. पडदे ओढता येतात ते फक्त ठरलेल्या तासाला, गुलाबी कुपन दाखवून. सगळे एकाच क्षणी घास तोंडात घालतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. निवेदक डी-५०३ हा अंतराळयान बांधणारा अभियंता. प्राचीन साहित्यातली सर्वश्रेष्ठ कृती कुठली, तर रेल्वेचं वेळापत्रक, असं तो मनापासून मानतो. इथं हसा. पुस्तक विनोदी आहे, आणि फार लोक ते गंभीर चेहऱ्यानं वाचतात.

बहुतेक ठिकाणी 'वुई'ची ओळख सोव्हिएत हुकूमशाहीचं भाकीत म्हणून करून दिली जाते. ते खोटं नाही, पण अर्धंच. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा अभियंता होता. १९१६-१७ मध्ये तो रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या कामावर देखरेख करायला इंग्लंडात, न्यूकॅसलला राहिला. तिथल्या वास्तव्यावर त्यानं एक दीर्घकथा लिहिली. तिच्यातला इंग्रज पाद्री आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक बनवतो, बायकोशी जवळीक साधण्याचंसुद्धा. म्हणजे तक्त्यानं चालणारं आयुष्य झाम्यातिनच्या लेखनात मॉस्कोच्या आधी इंग्लंडातून आलं. त्यात फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याच्या, कामगाराची हालचाल घड्याळ लावून मोजण्याच्या पद्धतीची भर पडली, आणि तिचं त्या काळी लेनिनपासून सगळ्यांना आकर्षण होतं. पेन्सिल घेऊन बसलात तर ही तीन मुळं वेगवेगळी करता येतात. वाचून झाल्यावर ऑर्वेलनं १९४६ मध्ये 'ट्रिब्यून'मध्ये लिहिलेलं या कादंबरीचं परीक्षण बघा. त्यानं ती फ्रेंच अनुवादातून वाचली होती. तोही अनुवादाचाच वाचक होता!

जिथं सगळे अडतात

ही पुस्तकं मध्यावर संथ होतात. चौदा पानं कुणी काही करत नाही. रहस्यकथेच्या वेगानं वाचलं तर कंटाळा येणारच, म्हणून रोज थोडी थोडी पानं वाचा आणि दोन पुस्तकं एकदम लावू नका. शेवटाला उलगडा होईल अशी आशा धरू नका. सत्ता का आली, कशी आली, कधी जाणार, हे ज्यांना स्वतःच्या देशात कुणी सांगितलं नाही, ते लेखक कादंबरीत तरी कुठून सांगणार?

अर्थात प्रत्येक संथ पुस्तक सहन करायचं व्रत घेतलेलं नाही. चान कूनचुंग यांची 'द फॅट इयर्स' चीनच्या मुख्य भूमीत छापली गेली नाही. २००९ मध्ये ती हाँगकाँग आणि तैवानमध्ये आली. सगळा देश सुखी, समाधानी आहे आणि मधला एक अख्खा महिना कुणाला आठवत नाही, ही कल्पना लखलखीत. पण शेवटाकडे एक मोठा अधिकारी पानंच्या पानं भाषण देतो, आणि कादंबरीची व्याख्यानमाला होते. बंदीचा शिक्का बसला म्हणून पुस्तक आपोआप उत्तम होत नाही. तिथं पानं चाळलीत तरी माझी हरकत नाही.

पुढचं पुस्तक: त्याच देशातलं

तीन पुस्तकांनंतर जगाच्या नकाशावर उड्या मारत जाण्यापेक्षा एखाद्या देशात थांबा आणि तिथलंच दुसरं पुस्तक शोधा. एका पुस्तकावरून 'इजिप्शियन लोक असे' म्हणण्याची खोड त्यानं मोडते.

इजिप्तच असेल तर अहमद खालेद तौफिक यांची 'युटोपिया' घ्या, इंग्रजी अनुवाद चिप रोसेटी यांचा. तौफिक तांता विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक, तरुणांसाठी लिहिलेल्या स्वस्त भयकथांमुळे अरब जगात घराघरांत पोचलेले. ही कादंबरी २००८ ची, म्हणजे उठावाच्या तीन वर्षं आधीची, आणि घडते २०२३ मध्ये. मध्यमवर्ग संपलाय. श्रीमंत लोक उत्तर किनाऱ्यावर कुंपणाच्या वसाहतीत, अमेरिकन मरीन सैनिकांच्या पहाऱ्यात. बाकी सगळे बाहेर, उकिरड्यात. आतला एक कंटाळलेला तरुण मौज म्हणून बाहेरच्या माणसाची शिकार करायला निघतो. कुंपणाच्या वसाहती कैरोभोवती आणि त्या किनाऱ्यावर तेव्हाच उभ्या होत्या, लेखकानं फक्त पहारेकरी बदलले. उठावाआधीच्या या पुस्तकात संताप खदखदतोय, आणि उठावानंतरच्या 'द क्यू'मध्ये माणसं थकून रांगेत उभी आहेत. मधल्या पाच वर्षांत काय झालं, हे दोन्ही एकामागोमाग वाचल्यावर इतिहासाच्या पुस्तकाहून जास्त कळतं.

जपानसाठी ओगावानंतर तावादा. 'द एमिसरी'चं मूळ पुस्तक २०१४ चं, फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरचं. शंभरी ओलांडलेले म्हातारे ठणठणीत, पणतवंडं मात्र इतकी अशक्त की नीट चालता येत नाही. देशानं स्वतःला बाहेरच्या जगापासून बंद करून घेतलंय, परदेशी शब्दांनाही थारा नाही. सतराव्या शतकापासून दोनशेहून अधिक वर्षं जपान खरोखरच तसा बंद होता, म्हणजे रचलेलं आणि खरं यांमधली ती रेघ इथं भलतीकडेच जाते. शब्दखेळ इतके की अनुवादकाची दमछाक झाली असणार, पण पणजोबा-पणतवाची माया अनुवादातही टिकलीय.

आणि रशियासाठी झाम्यातिननंतर व्लादिमीर सोरोकिन. 'डे ऑफ द ओप्रिच्निक' २००६ ची, घडते २०२८ मध्ये, इंग्रजी अनुवाद जेमी गॅम्ब्रेल यांचा. झाम्यातिनला भीती होती ती काच, गणित आणि घड्याळानं चालणाऱ्या भविष्याची. सोरोकिनच्या रशियात झार परत आलाय, देशाभोवती भिंत उभी राहिलीय, वस्तू सगळ्या चिनी आहेत. झारचे मारेकरी लाल मर्सिडीजमधून फिरतात आणि गाडीला पुढे रोज कुत्र्याचं ताजं मुंडकं, मागे झाडू. सोळाव्या शतकात इव्हान द टेरिबल या झारचे ओप्रिच्निक, म्हणजे त्याचे खास मारेकरी, घोड्यावर हीच दोन चिन्हं लावून फिरत. सकाळपासून रात्रीपर्यंतचा एकच दिवस, पानं थोडी, हिंसा भरपूर. जेवायच्या आधी वाचू नका. आणि पेन्सिल इथंही जवळ ठेवा, कारण सांगणारा मारेकरी स्वतःच आहे आणि त्याला यातलं काहीही विचित्र वाटत नाही.